दफ्तरदारांचा अमेरिकन मिक्सर

माझ्या आयुष्यात सगळ्यांत आधी कुणाचं नाव घ्यायचं, याबद्दल मला कधी विचार करावा लागला नाही. शकुंतलाबाई मोहिते. माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी शकुआत्या. बडोद्याजवळच्या सावली गावात, गुजराती शाळेत शिकलेला, इंग्रजी वाचता येणारा पण बोलायची वेळ आली की घामाघूम होणारा मुलगा बडोद्याला येऊन इंजिनियर झाला, आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावापुढे पदवी लागली, ते तिच्यामुळे. आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत शिलेदार होते. त्या शिलेदारीतली एक तलवार तेवढी आमच्या वाट्याला उरली होती, आणि तलवारीने कुणाची फी भरली जात नाही. फी आत्याने भरली. तिच्याबद्दल लिहायचं तर मला तिच्या मायेबद्दल लिहायला हवं, पण मी लिहिणार आहे एका सुडाबद्दल. मी तसा साधा माणूस. आयुष्यात एकच सूड उगवला, आणि तो तिच्यासाठी.

बडोद्याच्या नागरवाड्यात आत्याच्या दोन खोल्या होत्या, माडीवरच्या. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. सकाळी मला जाग यायची ती पाट्यावर वरवंटा घासल्याच्या आवाजाने. खालच्या मजल्यावरच्या जशीबेन स्टोव्हला पंप मारत असायच्या, आणि त्या दोन आवाजांच्या मधून आत्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. ती स्तोत्र म्हणते आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. नीट कान दिल्यावर कळलं, की ती आज कुणाच्या घरी काय करायचं त्याची उजळणी करते आहे. ती मराठी घरांमधून स्वयंपाक करायची. तिच्या हातची आमटी खाल्लेली माणसं बडोद्यात अजून भेटतात. घरी मात्र आमचं जेवण अर्धं मराठी, अर्धं गुजराती असायचं. "दिगू, अजून शाक घे, रोटली कोरडी नको खाऊ," असं ती म्हणायची, आणि आपण दोन भाषा बोलतो आहोत हे तिच्या गावीही नसायचं. मी ताटावर बसून कॉलेजातलं काहीतरी सांगायचो. तिला त्यातलं काही कळत नसे, तरी ती वाढता वाढता थांबून पुरतं ऐकून घ्यायची.

तिचं मुख्य घर दांडिया बाजारातल्या दफ्तरदारांचं. दफ्तरदारांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि ते अजून हुद्द्यावर असल्यासारखंच त्या घरात सगळे वागत. घरातल्या माईसाहेब विधवा, गोऱ्या, ताठ. आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांचा मुलगा सुधीर अमेरिकेत होता. एका हिवाळ्यात तो आला तो सोबत तिकडचा मिक्सर घेऊन. जाड काचेचं उंच भांडं, खाली चकचकीत स्टीलचं बूड. आपल्याकडची वीज त्याला सोसायची नाही म्हणून त्याच्यासोबत एक ट्रान्सफॉर्मरही होता, विटेएवढा आणि उचलताना हाताला रग लावणारा. माईसाहेब त्याला डबा म्हणत. भिंतीत डबा लावायचा, डब्याच्या पाठीवर मिक्सर लावायचा. "आधी डबा, मग मिक्सर," असं त्यांनी आत्याला देवापुढे उभं करून शिकवलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना तो मिक्सर दाखवला जाई. आत्या तो लेकरासारखा पुसून ठेवायची. मला म्हणायची, "पाट्यावर माझं मनगट झिजलं रे. हे बघ, बटण दाबलं की चटणी. तू तिकडे गेलास की मला एक पाठव."

सुधीरला मी त्या वेळी जवळून बघायचो. कॉलेज सुटलं की मी आत्याला घ्यायला दफ्तरदारांकडे जायचो. तो उशिरा उठायचा आणि न्हाणीघराबाहेरच्या बेसिनपाशी उभा राहून विजेच्या यंत्राने दाढी करायचा. ते यंत्र गुणगुणायचं. भिंतीत त्याने एक पांढरा ठोकळा बसवलेला असायचा आणि यंत्राची वायर त्या ठोकळ्यात. मला त्या सगळ्याचं फार अप्रूप वाटायचं. तो मला "काय जगताप सरदार, लढाई कुठवर आली?" असं विचारायचा, आणि मी आनंदाने हसायचो. अठरा वर्षांचा होतो. मोठ्या घरातला माणूस आपल्याशी थट्टेने बोलतो, यातच मला मान वाटत होता.

त्या दिवशी आत्या दुपारचा स्वयंपाक उरकून बाजारात गेली होती. परत येताना पिशव्या जड झाल्या म्हणून मी बरोबर होतो. स्वयंपाकघरात पाय टाकला तर करपलेल्या रबरासारखा वास. ओट्यावर मिक्सर, काचेच्या भांड्यात चिकू आणि दूध, अर्धवट घुसळलेलं. वायर खाली लोंबत होती. डबा मात्र फळीवर, सकाळी आत्याने ठेवला होता तसाच, वर तिने घातलेलं फडकंही तसंच. माईसाहेब दारात उभ्या होत्या.

"शकू, हे काय केलंस?"

"मी? मी काय केलं, माईसाहेब? सकाळी चटणी वाटली, धुतला, पुसला, ठेवला."

"मग हा मिल्कशेक कुणी केला? भिंतीने?"

"देवाशपथ, मी हात नाही लावला."

"चिकू हवे होते तर मागायचे. घरात कधी नाही म्हटलंय तुला? चोरून कशाला?"

तेवढ्यात सुधीर आला, नुकताच झोपेतून उठल्यासारखा डोळे चोळत. त्याने मिक्सरकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि अतिशय समजूतदार आवाजात म्हणाला, "आई, जाऊ दे ना. तिला बिचारीला व्होल्टेज काय कळणार? दिला असेल थेट भिंतीत लावून."

हे वाक्य मी आजही त्याच्याच चालीत म्हणून दाखवू शकतो. त्यातला 'बिचारीला' हा शब्द तर मी पुढची कितीतरी वर्षं जिभेखाली धरून ठेवला होता. आरडाओरडा केला असता तर आत्याही भांडली असती. ती भांडखोर होती. पण दया दाखवल्यावर तिचं तोंडच बंद झालं. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. पिशव्यांमधली भाजी तिने ओट्यावर नीट लावून ठेवली आणि मग ती निघाली.

बडोद्यातली मराठी घरं म्हणजे एकमेकांना लागून असलेले कान. आठवड्याभरात सगळीकडे बभ्रा झाला. एका घरी तिला म्हणाले, "शकूबाई, आमच्या फ्रिजला हात नको हं लावू, तेवढं सांभाळ." दुसऱ्या घरी पोरं तिला बघून "फुस्स" असा आवाज काढायची. चिकूचा विषय तर बायका मुद्दाम काढत. घरं सुटत गेली. मग ती पापड लाटायला जाऊ लागली, लग्नघरांत भाज्या चिरायला जाऊ लागली. माझी फी मात्र चुकली नाही. याचंही मी एक वेळ काही वाटून घेतलं नसतं, कष्ट आमच्याकडे सगळेच करत. मला सहन झालं नाही ते वेगळंच. वर्ष-दीड वर्षाने एकदा जशीबेन म्हणाल्या, "शकुबेन, तमे तो नहोतुं कर्युं ने?" तुम्ही तर नव्हतं ना केलं ते? आणि आत्या पापडाचं पीठ मळता मळता म्हणाली, "काय माहीत बाई. घाईत असेन. माझ्याच हातून झालं असेल." मी अभ्यासाच्या पुस्तकावरून मान वर केली. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसं खरंच वाटायला लागलं होतं. त्यांनी तिचं काम नेलं, नाव नेलं, आणि मग तिची स्वतःची आठवणही नेली. त्यानंतर ती विजेच्या कुठल्याच वस्तूजवळ जाईना. आमच्याकडे होता तो एक पंखा, त्याचं बटणही ती मला लावायला सांगायची.

पुढे मला अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळाली, आणि दैव असं की विद्यापीठ सुधीरच्याच गावात. माईसाहेबांनी निरोप पाठवला, की मुलगा हुशार आहे, सुधीर त्याला उतरवून घेईल. आत्या हरखली. "मोठी माणसं आहेत, मनात ठेवलं नाही बघ त्यांनी," म्हणाली. निघताना तिने मला मांडवीच्या बाजारातून एक मिक्सर घेऊन दिला, तीन भांड्यांचा. स्वतः हात लावला नाही. दुकानदाराला चालवून दाखवायला लावला, आणि आपण चार पावलं मागे उभी राहिली. सोबत एक लाकडी एक्स्टेन्शन बोर्डही दिला, गोल भोकांचा. तिकडे बटणं कमी पडली तर, म्हणून.

सुधीरने मला विमानतळावरून आणलं, आठवडाभर घरी ठेवलं, एक जुनी रजई दिली. त्याची बायको मंजिरीवहिनी मनाने सरळ होती. मी मनापासून आभार मानले. मग मी दोन मुलांबरोबर खोली घेतली, आणि पहिल्या रविवारी चटणी करावी म्हणून आत्याचा मिक्सर बाहेर काढला. प्लग हातात घेऊन भिंतीपाशी गेलो आणि तिथेच थांबलो. आपल्या प्लगच्या पिना गोल आणि जाड. त्या भिंतीत दोन उभ्या चपट्या फटी. प्लग जाणंच शक्य नव्हतं. मी तो उलटा केला, सुलटा केला. माझ्या सोबतचा एक तामिळ मुलगा म्हणाला, "अरे, त्याला पिन बदलायचा ठोकळा लागतो. आणि ठोकळा लावलास तरी इथली वीज निम्मी, तुझा मिक्सर नुसता कण्हेल. ट्रान्सफॉर्मर आण."

मी त्याचं ऐकत ऐकत प्लगच्या पिना बोटांनी चाचपत होतो. इकडची पिन तिकडे जात नसेल, तर तिकडची पिन इकडे कशी गेली? दफ्तरदारांच्या मिक्सरच्या पिना चपट्या होत्या. तो जळाला त्या दिवशी वायर माझ्या पायाशी लोंबत होती, प्लग शाबूत होता, कुणी तोडून तारा काढलेल्या नव्हत्या. बडोद्याच्या भिंतीतल्या गोल भोकांत तो प्लग आत्याने कितीही घाई केली असती तरी गेला नसता. तो घालायला पांढरा ठोकळा लागत होता. आणि तो पांढरा ठोकळा त्या घरात एकाच माणसाकडे होता, दाढीच्या सामानात.

मी चटणी केली नाही. मी ठरवलं, की घाई करायची नाही. रागावून बोललो असतो तर पुन्हा तोच समजूतदार आवाज ऐकावा लागला असता. ते जेवायला बोलवत, मी जात होतो, वहिनींना भांडी घासू लागत होतो, सुधीरच्या विनोदांना हसत होतो. विद्यापीठातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला वीज चढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळाला, आणि आत्याचा मिक्सर त्यावर घरच्यासारखा गरजला. मी दसऱ्याची वाट बघत होतो.

दसऱ्याला सुधीरकडे गावातली सगळी मराठी मंडळी जमायची. वहिनी घरी फाफडा-जलेबी करायच्या, बडोद्याच्या माणसाला त्याशिवाय दसरा होत नाही. आणि पाटावर हत्यारांची पूजा मांडली जायची. आमच्या सावलीच्या घरी त्या दिवशी तलवारीला झेंडूची माळ चढते. इथे पाटावर गाडीच्या किल्ल्या, कॅल्क्युलेटर, वहिनींचा अमेरिकन मिक्सर. "तूही काहीतरी आण," असं वहिनींनी सांगितलं होतं. मी माझा मिक्सर, ट्रान्सफॉर्मर आणि आत्याने दिलेला बोर्ड नेला. वहिनींनी त्या सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, असं आत्या सांगायची. त्या एका दिवशी मी तिचं ऐकलं नाही.

मला काही बोलावंच लागलं नाही. माझा मिक्सर बघून सुधीरच म्हणाला, "सरदार, हा आत्याबाईंनी दिला वाटतं? यांच्या आत्याचा एक किस्सा आहे, ऐका. आमच्याकडे स्वयंपाकाला होती. मी इथून मिक्सर नेला, आईने ट्रान्सफॉर्मर कसा लावायचा शिकवलं. आणि या बाईने चोरून मिल्कशेक करायला तो दिला थेट भिंतीत!" सगळे हसले. बहुतेक सगळे इंजिनियर होते, त्यांना विनोद पुरता कळला.

मी ट्रान्सफॉर्मर इथल्या भिंतीत लावला, त्यावर आत्याचा बोर्ड जोडला आणि सुधीरपुढे ठेवला. "सुधीरदादा, ही बडोद्याची भिंत. तीच वीज, तीच भोकं." मग पाटावरचा वहिनींचा मिक्सर उचलून त्याच्या हातात दिला. "आत्याने कसा लावला, तेवढं दाखवा."

"अरे, हे काय आता पूजेच्या वेळी—"

"दाखवा ना. सगळ्यांना बघायचंय."

तो हसत खाली बसला. प्लग बोर्डाला लावला. चपट्या पिना गोल भोकांवर आपटून थांबल्या. त्याने पुन्हा लावला. कुणीतरी म्हणालं, "जाणार नाही तो. अडॅप्टर लागेल." मी म्हणालो, "स्वयंपाकाच्या बाईकडे कुठून येणार अडॅप्टर?" आणि मंजिरीवहिनी, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, मदत करावी म्हणून आतून ओरडल्या, "अहो, तुमच्या दाढीच्या डब्यात आहे की पांढरा! बडोद्याला नेता तो! थांबा, आणते."

त्या घेऊन आल्या. त्यांच्या तळहातावर तो ठोकळा होता. सुधीरने हात पुढे केला नाही. मी घेतला, मिक्सरच्या प्लगला चढवला, बोर्डात घातला. सरळ आत गेला. मग मी सगळ्यांच्या देखत बटण दाबलं.

तो मिक्सर आधी किंचाळला. मग खालून निळसर धूर आला, आणि तो वास. झेंडूची फुलं, उदबत्ती, जलेबी, सगळ्यांवरून तो पसरला. मी बटण बंद केलं नाही, तो आपोआप थांबेपर्यंत बघत राहिलो. मला इतकं स्वच्छ, इतकं हलकं नंतर कधी वाटलं नाही. पदवी घेताना नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. हे लिहिताना बायको म्हणते, असं लिहू नये. पण खरं तेच आहे.

"तुम्ही?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही केलंत, आणि त्या बाईंवर...?"

"मी सांगणार होतो आईला," सुधीर म्हणाला. "मग ती इतकी चिडली होती, आणि... साधा मिक्सर होता गं."

"बडोद्यात आता सकाळ झाली असेल," मी म्हणालो. "फोन लावा."

त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी फोन उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. घरभर माणसं उभी होती, आणि त्याने आईला सांगितलं, अडखळत, इंग्रजीत पळून जात, आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होतो, "मराठीत सांगा." शेवटी मी फोन घेतला. "माईसाहेब, तुम्ही स्वतः नागरवाड्यात जायचं," म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "दिवाळीत जाते."

सुधीर आता निवृत्त होऊन माझ्यासारखाच बडोद्यात परत आला आहे. सकाळी बागेत फिरताना समोर आला की तो रस्ता बदलतो. मी बदलत नाही. परवा त्याच्यासोबत कुणी पाहुणे होते, त्यांना मी थांबवून हात जोडले आणि म्हटलं, "यांच्याकडून मिक्सरची गोष्ट ऐकलीत की नाही?" लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडून द्यावं. कशाला सोडू? आत्याला कुणी सोडलं होतं?

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या पोस्टातून मी आत्याला पत्र टाकलं. तिच्या मागे तिच्या ट्रंकेत ते मला सापडलं, घड्यांवर फाटलेलं. ते असं:

ती. शकुआत्येस दिगूचा साष्टांग नमस्कार.

तू मिक्सर जाळला नाहीस. हे वाक्य परत वाच. त्या दुपारी त्याला तुझा हात लागलाच नव्हता. सुधीरने जाळला आणि झोपायला गेला. त्या मिक्सरची पिन आपल्या भिंतीत जातच नाही, ती घालायचा ठोकळा फक्त त्याच्याकडे होता. हे मी काल इथल्या वीस-पंचवीस माणसांपुढे करून दाखवलं आणि त्याच्या तोंडून वदवलं. तुझ्या मनात जे येतं, की घाईत माझ्याच हातून झालं असेल, ते आता कधी आणायचं नाही. ते त्यांनी तुझ्या डोक्यात घातलं होतं.

आता नीट ऐक. माईसाहेब तुझ्याकडे येणार आहेत. आल्या की तू 'असू द्या' म्हणणार, मला माहीत आहे. म्हणायचं नाही. त्या 'चुकलं' म्हणतील तेव्हा तू काही बोलू नकोस, त्यांना परत म्हणू दे. चहा विचारल्याशिवाय तुला राहवणार नाही, तर विचार, पण त्यांचं बोलून झाल्यावर. आणि आत्या, त्या आल्या की दार लावू नकोस. उघडं ठेव. जशीबेनला आधीच हाक मारून ठेव, समोरच्यांना हाक मार, ज्यांची पोरं तुला बघून आवाज काढायची त्यांनाही बोलाव. त्या ज्या आवाजात बोलतील तो कुणाला ऐकू येत नाही. तू म्हण, "माईसाहेब, जरा मोठ्याने सांगा."

तुझा,
दिगू